उनाबाईचा भाऊ

पळसटोल्याच्या रिता कापगतेला गावात प्रत्येकाने एकच प्रश्न विचारून झाला होता. काहून? जगात एवढे देश पडले असताना आयर्लंडच काहून? पोरगी शिकली, नेट-सेट झाली, साकोलीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायला लागली, इथवर गावाला समजत होतं. लग्नाचं नाव काढू देत नाही, तेही एक वेळ चाललं असतं. पण पीएच.डी. करते ती कशावर, तर साता समुद्रापलीकडच्या बंदूकवाल्यांवर आणि त्यांना आवरू पाहणाऱ्या तिथल्या सरकारवर, हे काही कोणाच्या गळी उतरेना. "गावच्या तलावावर केली असती तं पाळीची डागडुजी तरी झाली असती," असं भय्याजी पोलीसपाटील चारचौघांत म्हणायचे. खोटं कशाला बोला, रिताच्या नागपूरच्या सरांचंही मत फार वेगळं नव्हतं.

पण रिता हट्टी. बाप ताराचंद ती शाळेत असतानाच गेला, आणि आई गिरजाबाईने घरचं थोडंसं धान आणि लोकांच्या बांधीतली, म्हणजे भातखाचरातली, रोवणी यांवर तिला नागपूरपर्यंत शिकवलं. तिथे एम.ए.ला असताना तिने वाचलं, की १९७१ सालच्या ऑगस्टात उत्तर आयर्लंडमध्ये सरकारने एका पहाटे शेकडो माणसं घराघरातून उचलली. आरोप नाही, खटला नाही, नुसता संशय. याद्या जुन्या होत्या, कितीकांचा कशाशी काही संबंध नव्हता. आणि त्यानंतर बंदुका थंडावायच्या सोडून अशा पेटल्या, की पुढची कित्येक वर्षं विझल्या नाहीत. रिताला हे कोडं सुटेना. सरकारजवळ फौज असते, कायदा असतो, शिकलेसवरलेले साहेब असतात. तरी जी आग विझवायची तिच्यातच ते तेल कसं ओतून बसतं? प्रश्न मनात शिरला तो शिरलाच.

ब्रिटिशांना तिथून हाकलू पाहणाऱ्या त्या बंदूकवाल्यांचं तिला कौतुक होतं असं कोणी समजू नये. त्यांनी बाजारात ठेवलेल्या बॉम्बने मेलेल्या माणसांची नावं ती वाचायची आणि दिवसभर गप्प व्हायची. गस्तीवर मेलेला कोवळा शिपाईही तिच्या टिपणांत होता, आणि तुरुंगात अन्नत्याग करून मेलेले दहाजणही. सरकारने काय काय करून पाहिलं, फौज, धरपकड, ज्युरीविना न्यायालयं, आणि शेवटी १९९८ साली ज्यांचं तोंड पाहायचं नव्हतं त्यांच्याशीच एका टेबलावर बसून करार, हा सगळा लांबचा रस्ता तिला पायी चालल्यासारखा पाठ झाला होता.

पुस्तकं झाली, आता माणसं हवी होती. डेरी नावाच्या तिथल्या गावातल्या एका वाचनालयाने तिची उनाशी गाठ घालून दिली. उना ऐंशीला टेकलेली. नात तिच्यासमोर चहाच्या किटलीला मोबाईल टेकवून ठेवायची आणि आजी बोलायला लागायची. पळसटोल्यात तेव्हा दिवस कलत असायचा, डेरीत दुपारचं जेवण व्हायचं असायचं.

उनाचं इंग्रजी म्हणजे परीक्षाच होती. प्रत्येक वाक्याचा शेवट वर चढायचा, शब्द एकमेकांत अडकायचे. त्यावर रिताने आपली एक युक्ती काढली होती. रेकॉर्डिंगचं एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, ते मोठ्याने आपल्या झाडी बोलीत म्हणून पाहायचं, अर्थ पक्का झाला की मग इंग्रजीत टाईप करायचं. त्यामुळे रिताच्या तोंडून उना अस्सल झाडीत बोलायची. "सोजीर आले का बाया रस्त्यावर कचऱ्याच्या डब्याचे झाकनं आपटत. सारी आळी जागी होये." बाजूला गिरजाबाई तूर निवडत बसलेली असायची. हे ऐकून ती म्हणाली, "आपन रानडुकरं हाकलतो तसंच की मंग." घरातल्या आईच्या कानावर पडतं म्हणजे बाहेर पडतं, हे रिताच्या डोक्यातच आलं नाही. आई म्हणजे घरचीच भिंत, असं तिने धरलं होतं. भिंतीलाही कान असतात असं म्हणतात. हिला तर तोंडही होतं.

एकदा बोलणं चालू असताना गिरजाबाईने पोरीच्या खांद्यावरून मोबाईलमध्ये डोकावलं. उनाने हात हलवला आणि विचारलं, तुला भाऊ किती? रिताने मराठीत सांगितलं. "एकच," गिरजाबाई म्हणाली, "कैलाश." मलाही एकच होता, उना म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. झालं. गिरजाबाई उठली, देवापुढचा नारळ आणला, मोबाईलसमोर ठेवला, आणि पडद्यावरच्या उनाच्या कपाळाला कुंकू लावलं. "आजपासून तू माही बहीन." आमच्याकडे बाया अशा बहिणी करून घेतात आणि मानलेलं नातं सख्ख्यापेक्षा कडक पाळतात, तिची पोरं आपली भाचरं, तिचा भाऊ आपला भाऊ. उनाला काय कळलं देव जाणे, पण ती हसली. रिताने नंतर रुमालाने मोबाईल पुसला.

त्याच्या पुढच्या खेपेला उनाने सगळं सांगितलं. आधी तिने विचारलं, हे कुठे जाईल? रिताने तिला स्वतःहून अमेरिकेतल्या एका कॉलेजची हकीकत सांगितली होती. त्या कॉलेजने जुन्या लढवय्यांच्या मुलाखती घेतल्या आणि वचन दिलं, तुम्ही जिवंत असेपर्यंत कोणी ऐकणार नाही; पुढे पोलिसांनी मागितलं, कोर्टाने द्यायला लावलं, आणि नंतर कोणी तोंड उघडेना. "माझं तसं होणार नाही," रिता म्हणाली होती. त्या भरवशावर उना बोलली.

तिचा धाकटा भाऊ डेक्लन. एकोणीस वर्षांचा, छतावर कबुतरं पाळणारा. त्याच्याच नावाचा एक काका मागे चळवळीत होता. काका मरून गेला होता, यादीत नाव तेवढं जिवंत राहिलं, आणि त्या नावावर पोराला नेलं. काही महिन्यांनी सोडलं. परत आला तो वेगळाच, वर्षाच्या आत खरोखरच बंदूकवाल्यांत जाऊन मिळाला. एका संध्याकाळी त्याने बहिणीच्या हातात आपला कोट दिला आणि जाळ म्हणाला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, पावाची गाडी चालवणारा एक पोरगा, जो आठवड्यातून दोनदा फौजेचा गणवेश घालायचा, गोळी लागून मेला. उनाने कोट जाळला होता. डेक्लन कधी सापडला नाही, पुढे आजारपणात गेला. त्या पोराची बहीण मात्र आहे. औषधाच्या दुकानात दिसते, उना मान खाली घालते.

"मी जित्ती आहे तवरिक हे कोनाले सांगू नको," असं ते शेवटचं वाक्य रिताने झाडीत म्हणून पाहिलं आणि टाईप करायच्या आधी ओढणीने डोळे पुसले. गिरजाबाईही रडत होती. मायलेकी दोघी रडल्या आणि भात लावायला उठल्या.

मग रोवणी आली. आमच्याकडे रोवणी म्हणजे बाया ओळीने चिखलात वाकतात, परे, म्हणजे धानाची रोपं, खोवत खोवत मागे सरकतात, आणि कंबर मोडू नये म्हणून तोंड चालू ठेवतात. कोणी गाणं म्हणतं, कोणी सुनेचं गाऱ्हाणं. त्या दिवशी ओळीच्या एका टोकाला गिरजाबाई होती, तिच्याशेजारी सुलोचनाबाई, मग सुंदरबाई, आणि दुसऱ्या टोकाला भय्याजी पाटलांची बायको सत्यभामाबाई. गिरजाबाईचं मन भरलेलं होतं. तिने ते शेजारणीपाशी मोकळं केलं.

आठवडाभराने कैलाशमामा गडचिरोलीकडून आला. तिकडे तो तेंदूपत्त्याच्या हंगामात पानं गोळा होतात त्या फडीवर असायचा, बाकी वर्षभर मिळेल त्या ट्रकवर; रोवणीला मात्र बहिणीकडे यायचा, बांधीत पऱ्यांच्या जुड्या फेकायला. या खेपेला साकोलीच्या बसस्टँडवर उतरला, आणि साध्या कपड्यातल्या दोघांनी त्याला गाडीत बसवून नेलं. पिशवीत बहिणीसाठी आणलेली वाळवलेली मोहाची फुलं होती, ती बसस्टँडवरच राहिली. रिताला कॉलेजात फोन आला तेव्हा ती चौथा तास घेत होती.

ठाणेदार तसा वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला.

"मॅडम, अटक कुठे केलीय? पाहुणे आहेत आमचे. माहिती आलीय की तुमच्या मामांनी माणूस मारला, बहिणीने पुरावा जाळला. गावाच्या पोलीसपाटलाने लेखी दिलंय. हा माणूस तिकडच्या जंगलातून येतो, वर्षातून एकदा तोंड दाखवतो. आम्ही विचारायचं नाही?"

मारणं, जाळणं, बहीण. रिताने ओळखलं, ही डेक्लनची गोष्ट.

"साहेब, ही गोष्ट इथली नाही. आयर्लंडची आहे. मी ज्यावर संशोधन करते त्यातली. पन्नास वर्षांपूर्वीची."

"आयर्लंडची," ठाणेदार म्हणाला आणि हवालदाराकडे पाहिलं. हवालदार खिडकीबाहेर पाहू लागला. "बरं. पुरावा?"

"मुलाखत आहे माझ्याकडे."

"रेकॉर्ड केलेली? मग ऐकवा की. इंग्रजी आम्हालाही येतं. पाच मिनिटांत मामा घरी."

मोबाईल तिच्या पर्समध्येच होता. उघड्या दारातून पलीकडच्या बाकावर मामा दिसत होता. चपला काढून बाकाखाली नीट ठेवलेल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, शाळेत उभं केलेल्या पोरासारखा. ऐकवलं तर काय होणार होतं? उना कुठे, साकोली कुठे! पण ठाण्यात ऐकवलेली गोष्ट ठाण्याची होते, तिची नक्कल निघते, ती कुठे जाईल ते आपल्या हाती राहत नाही, हे रितापेक्षा त्या ठाण्यात कोणाला जास्त ठाऊक असणार? एवढी वर्षं ती दुसरं काय शिकली होती?

"नाही ऐकवणार," ती म्हणाली.

"मग मामा बसतील."

"बसतील. पण चोवीस तासांच्या वर बसले तर मी कोर्टात जाईन, आणि पाहुणा हा शब्द मी तिथे सांगेन. त्याच्या आत ही गोष्ट तुमच्यापर्यंत कशी आली ते मी तुम्हाला दाखवते. माझ्या मोबाईलला हात न लावता."

एवढं बोलून ती बाहेर पडली. चहावाल्याच्या टपरीवर ती पाणी प्यायली आणि तडक घरी आली.

गिरजाबाईने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "मी तं फकस्त सुलोचनाले सांगतलं वं. माह्या बहिनीच्या भावाचं असं झालं म्हून."

माझ्या बहिणीच्या भावाचं! रिता आईकडे पाहतच राहिली. तिला ओरडायचं होतं, पण ओरडणार कोणाच्या नावाने? आईने गोष्ट चोरली नव्हती. रिताने स्वतःच ती रोज संध्याकाळी वाक्यावाक्याने, आईला कळेल अशा भाषेत, मोठ्याने म्हटली होती. मोबाईलला कुलूप, आणि तोंड सताड उघडं! ठाण्यात मोठ्या तोऱ्यात राखलेलं वचन घरी कधीच मोडून पडलं होतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. पण लाजेने मामा सुटणार नव्हता.

सकाळी ती बांधीवर गेली. परे म्हातारे होऊन राहिले होते, मालकाची घाई चालली होती, आणि बाया ठाण्याचं नाव ऐकूनच बिचकल्या. सुलोचनाबाई म्हणाली, नवरा घरात घेणार नाही. सुंदरबाई म्हणाली, मी तर काही बोललेच नाही. सत्यभामाबाईने मान वरच केली नाही. ती बोलली तर नवऱ्याची पाटीलकी उघडी पडत होती.

"काकू," रिता बांधावरून चिखलात उतरली, कॉलेजचा ड्रेस घालूनच, "कैलाशमामा दरसाल तुमच्या बांधीत जुड्या फेकते. मागल्या साली तुमची कंबर धरली तं तुमच्या वाट्याची ओळ कोनं रोवली? आज तो तिथं बसून आहे आन् त्याले हेबी मालूम नाई का काहून बसून आहे."

सत्यभामाबाई बराच वेळ नुसते परे खोवत राहिली. मग तिने हातातली जुडी पाण्यात टाकली आणि पाटाच्या पाण्याने पाय धुतले. "चाला," ती बाकीच्यांना म्हणाली. पाटलीणच निघाली म्हटल्यावर इतरांना नाही म्हणता येईना.

काळीपिवळी जीपमधून चौघी ठाण्यात उतरल्या. लुगडी गुडघ्यापर्यंत ओली, नखांत चिखल. रिताने त्यांना ठाणेदाराच्या टेबलासमोर रोवणीत होत्या त्याच क्रमाने उभं केलं.

"साहेब, आता शेवटापासून विचारा. पाटलांना कोणी सांगितलं?"

"मी," सत्यभामाबाई म्हणाली. "जेवता जेवता. का कैलाशनं बंदुकीनं मानूस मारला आन् बहिनीनं कपडे जाळले."

"बंदूक तुम्हाला कोणी सांगितली?"

"कोनी नाई. मानूस मारला म्हनते तं बंदूक असनच ना."

"आणि कैलाशचं नाव?"

सत्यभामाबाईने सुंदरबाईकडे बोट केलं. सुंदरबाई तर स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे काही बोललेलीच नव्हती, पण आता तिला राहवेना. "मले तं सुलोचनानं सांगतलं, गिरजाच्या बहिनीच्या भावानं मारला. आता तुमीच सांगा साहेब, बहिनीचा भाऊ म्हंजे आपला भाऊच ना? आन् गिरजाले भाऊ एकच. मंग मी कैलाश म्हनलं तं काय चुकलं?"

ठाणेदाराने पेन खाली ठेवलं. "सुलोचनाबाई कोण?"

"मी जसं आयकलं तसं सांगतलं," सुलोचनाबाई म्हणाली. "बहिनीचं नाव उनाबाई. मले वाटलं असन इकडं आमगावकडली."

सगळ्यांच्या नजरा गिरजाबाईकडे वळल्या. तिने पदर सावरला. "उना आयर्लंडची आहे साहेब. मोबाईलमंदी राह्यते. मी तिले नारळ देऊन बहीन केलं. भाऊ तिचा आहे, माहा नाई. माहा तो तिकडं बाकावर बसून आहे, त्यानं कोंबडीबी मारली नाई कधी."

हवालदाराला हसू आवरेना, तो फाईल घेऊन बाहेर पळाला. ठाणेदारही हसला, पण लवकर थांबला. रिता हसत नव्हती. त्याने कैलाशला आत बोलावलं आणि म्हणाला, "जा. काही नाही."

"चूक झाली एवढं लेखी द्याल?" रिताने विचारलं.

"सोडलं ना मॅडम? आता आणखी काय पाहिजे?"

मामा घरी आला. गिरजाबाईने वडे तळले, त्याने एक तोडला आणि ताट सरकवलं. मारलं का, तर नाही म्हणाला. शिवी? तीही नाही. नुसतं बसवलं आणि तेच तेच विचारलं. पूर्वी आल्या आल्या भिंतीला पाठ टेकून आडवा व्हायचा, आता दाराकडे तोंड करून बसला होता आणि रस्त्यावर गाडी वाजली की मान वळत होती.

"उद्या जातो," तो म्हणाला. "आता रोवनीले येत नाई बाई. भय्याजी कुठं भेटला तं मी त्याले सोडत नाई." मग कसंनुसं हसला. "आन् तिकडं जंगलात कोनी म्हनलं, तुयं नाव तं लागलंच आहे, मंग ये आमच्यात, तं काय सांगू त्याईले?"

तो थट्टेत बोलला असेल. पण डेरीतल्या एका पोराची अशीच गोष्ट रिताने ऐकली होती, आणि त्या पोराचा कोट जाळावा लागला होता.

तिने तेव्हाच उनाला फोन लावला. आधी आपली चूक सांगितली, काही न लपवता. मी तुझी गोष्ट मोठ्याने म्हणत होते, ती गावात गेली, आणि त्यापायी माझा मामा ठाण्यात बसून आला. नातीने मोबाईल बंद तर पडला नाही ना म्हणून डोकावून पाहिलं.

"ते पुसून टाक," उना म्हणाली. "माझ्यासमोर."

रिताने पुसलं. सर पुढे म्हणाले, हा प्रकरणाचा कणा होता, प्रबंध एका वर्षाने मागे गेला; आणि ते खरंच होतं. पण त्या घटकेला तिला त्याचं काही वाटलं नाही. तिला दुसरंच विचारायचं होतं.

"डेक्लनला सोडलं तेव्हा काय झालं?"

"काई नाई झालं," उना म्हणाली, म्हणजे रिताच्या कानांना ते तसंच ऐकू आलं. "जा म्हनले. तू तो नाई, आमचं चुकलं, असं कोनी म्हनलं नाई. ज्यानं यादीवर नाव लिहिलं तो कोन, तेबी आमाले कधी समजलं नाई. डेक्लन साऱ्या गल्लीकडे पाहे आन् म्हने, यातला कोन? मारलं असतं तं विसरला असता. हे नाई विसरला."

रिता उठली. मामा कुठे जातेस म्हणाला, त्याला तिने तू इथंच बस म्हणून बजावलं, आणि सरळ भय्याजीच्या ओसरीवर जाऊन बसली.

भय्याजी म्हणजे गावाचा भला माणूस, पण पाटीलकी अंगात भिनलेली. "मी माहं काम केलं पोरी. कानावर आलं तं कळवाच लागते."

"कळवा लागते. पन इचारून कळवा लागते, काका. माह्या घरापासून तुमचं घर दिसते. तुमी आले नाई."

"बरं, चुकलं. येतो घरी सांजच्यानं."

"घरी नाई. बांधीत. जिथून गोष्ट निघाली तिथं, साऱ्याईसमोर."

"चारचौघीत? चिखलात उभा राहून?" भय्याजी उभेच राहिले. "लोक तोंडात शेण घालतीन माह्या!"

"मामाच्या तोंडात घातलंच आहे," रिता म्हणाली आणि जागची हलली नाही. चहा आला, तिने तो बाजूला ठेवला. भय्याजी आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. शेवटी आतून सत्यभामाबाईचा आवाज आला. "तुमी जात नसान तं मी जाऊन सांगतो. मी ठान्यात उभी राहिली, तुमाले बांधीत काय होते?"

दुसऱ्या दिवशी, सूर्य चांगला वर आल्यावर, भय्याजी पाटलांनी पॅंट गुडघ्यावर दुमडली आणि बांधीत उतरले. बायांची ओळ थांबली. बांधावर कैलाश उभा होता, रिताने त्याला जवळजवळ ओढूनच आणलं होतं. त्याच्या मुठी वळलेल्या तिला दिसत होत्या. भय्याजी मोठ्याने बोलले, ओळीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं.

"कैलाश, मी तुले न इचारता तुयं नाव लिहून देलं. तू काई केलं नाई. चूक माही आहे. ठान्यातबी हेच लिहून देतो."

एक बाई कुजबुजली, तिला दुसरीने कोपर मारलं. शेवटी कैलाश म्हणाला, "लिहून देल्यावर मले दाखवजो," आणि बांधावरच्या जुड्या उचलून एकेक करून चिखलात फेकू लागला. भय्याजी तिथूनच ओल्या पायांनी साकोलीला गेले. रोवणी संपेपर्यंत कैलाश राहिला.

भय्याजी बांधीत उतरले त्याच संध्याकाळी रिताने उनाला फोन केला. रेकॉर्डिंग बंद होतं. ते आता बंदच राहणार होतं. बाजूला गिरजाबाई बसली होती. रिताने सांगितलं, ज्याने नाव दिलं होतं तो माणूस आला, चिखलात उभा राहिला, सगळ्यांसमोर बोलला.

उनाने हातातला कप खाली ठेवला.

"आमच्या दारी कोनी आलं नाई," ती म्हणाली. तिच्या गालांवर पाणी उतरलं होतं. "आन् मीबी त्या पाववाल्या पोराच्या बहिनीच्या दारी गेली नाई."

गिरजाबाईला इंग्रजी कळत नव्हतं, पण बहीण रडते हे कळत होतं. तिने मोबाईलच्या कडेवर हात ठेवला. पलीकडे उनाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि खुर्ची जवळ ओढली.

"तो मानूस काय बोलला," तिने विचारलं, "ते मले शब्दन् शब्द सांग. हळू सांग. मले पाठ करायचं आहे."